दिनविशेष : १२ मे – नंदू नाटेकर यांचा जन्म

१२ मे १९३३ रोजी सांगलीत बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर यांचा जन्म झाला. १९५६ मध्ये क्वालालंपूरची सेलंगोर स्पर्धा जिंकून ते परदेशात आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. प्रकाश पदुकोण यांनी ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकण्याच्या २४ वर्षे आधीची ही गोष्ट. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा बॅडमिंटनमधला पहिला मान त्यांनाच मिळाला.

लाकडी रॅकेटच्या त्या जमान्यात नाटेकरांची भिस्त मनगटावर होती. बॅकहँडचा फटका सरळ येणार म्हणून समोरचा खेळाडू पाऊल टाकायचा आणि शटल तिरके जाऊन जाळ्यालगत पडायचे. आज खेळ वेगाचा आणि ताकदीचा झाला आहे. तरीही ऐन मोक्याचा गुण अनेकदा असा हलक्या हातानेच मिळतो.

टेंभुर्णीसारख्या गावात मुले बॅडमिंटन उघड्यावर खेळतात, वारा शटल पळवतो. पण मनगट घोटायला एक रॅकेट आणि घराची भिंत पुरते. क्रीडाशिक्षकांनी स्मॅशच्या आधी मुलांच्या हाती नाटेकरांचा हा धडा द्यावा.