प्राथमिक शाळेची धुरा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत पाककृती, ओव्या, सहलींचे वृत्तान्त नेहमी येतात आणि ते आवडीने वाचलेही जातात. यंदा शाळेविषयी चार शब्द लिहा, असे मला सांगण्यात आले. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. शिक्षणशास्त्राची पुस्तके मी वाचलेली नाहीत. परंतु जुन्या काळी हीच मराठी सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, उत्तीर्ण झालेला माणूस प्राथमिक शाळेत मास्तर होण्यास पात्र ठरत असे. तेव्हा त्या सातवीच्या बळावर हे धाडस करीत आहे.

भगिनींनो, शाळा म्हटली की आपल्याला इमारत दिसते, पाटी दिसते, पण शाळा चालते ती तिची धुरा वाहणाऱ्या माणसावर. हे माणूस घडते कसे आणि टिकते कशावर, हे इतिहासात शोधू गेल्यास तीन गोष्टी हाती लागतात : स्वतः शिकत राहण्याची हौस, जोडीला समजूतदार सोबती, आणि पाठीशी उभा राहणारा गाव.

पहिले नाव अर्थातच सावित्रीबाई फुले यांचे. १८४८ साली पुण्यात बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. जोतिरावांनी त्यांना शिकविले, आणि पुढे त्यांनी अध्यापनाचे रीतसर शिक्षणही घेतले. रस्त्याने जाताना लोक शेण-दगड मारीत, ही हकीकत आपण सर्वांनी ऐकली आहे. मला मात्र त्यांच्या एका पत्राची गोष्ट अधिक मोलाची वाटते. १८५६ साली आजारपणामुळे त्या माहेरी नायगावला होत्या. तेथून जोतिरावांना लिहिताना, आपल्या पाठीमागे शाळेच्या कामाचा सारा त्रास फातिमाला पडत असेल, ही काळजी त्यांनी बोलून दाखविली आहे. फातिमा म्हणजे शाळेतील त्यांच्या सहकारी फातिमा शेख. अंथरुणाला खिळलेल्या बाईला सोबतिणीच्या ओझ्याची आठवण व्हावी, यातच शाळेचे पुढारपण कशाला म्हणतात ते आले.

पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतिरावांनी प्राथमिक शिक्षकाचाच प्रश्न धरून ठेवला. गावचा शिक्षक शेतकरी वर्गातून आलेला, लोकांत मिसळणारा असावा; अध्यापनाच्या शिक्षणात त्याला शेती आणि आरोग्याचेही ज्ञान द्यावे; आणि परीक्षा उत्तीर्ण शिक्षकाला महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, मोठ्या गावी पंधरा-वीस द्यावा, अशी त्यांची मागणी होती. शिक्षकाची गावात किंमत वाढावी म्हणून गावच्या हिशेबतपासनिसाचे, टपालाचे काम त्याच्याकडे सोपवावे, असेही त्यांनी सुचविले. नुसत्या त्यागावर शाळा चालत नाही. शिक्षकाच्या पोटाचा आणि मानाचा विचार करावा लागतो, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

दुसरे नाव अनुताई वाघ यांचे. या आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या. १९१० साली मोरगाव येथे त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहाच महिन्यांत वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य माजघरातच संपायचे. अनुताईंनी व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा दिली, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून शिक्षिकेची सनद मिळविली, आणि नाशिक जिल्ह्यात चांदवडकडच्या खेड्यांत शिकवू लागल्या. मग पुण्याच्या हुजूरपागेत आल्या. दिवसा मुलींना शिकवायचे आणि रात्री स्वतः रात्रशाळेत जाऊन बसायचे, असे करीत १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. जी बाई रात्री स्वतः विद्यार्थिनी होती, तिला दिवसा मुलींच्या अडचणी कळल्या असतील, यात नवल ते काय!

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. ताराबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. पूर्वी त्या राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख होत्या. ते मानाचे पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर लहान मुलांत रमल्या होत्या. बोर्डीच्या वस्त्यांतली मुले शाळेत येईनात, तेव्हा या बायकांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. आधी मुलांना आंघोळ, केस विंचरणे, नखे काढणे. मग गाणी-गोष्टी आणि अक्षरे. शिकविण्याचे साहित्य म्हणजे शिंपले, खडे, बिया, पाने. १९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत, गेले. तेथे मुले गुरे राखायला जात, म्हणून कुरणातच शाळा भरविली. थोरल्या मुलींना धाकटी भावंडे सांभाळावी लागत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. तिला विकासवाडी म्हणत. १९७३ साली ताराबाई वारल्या, तेव्हा धुरा अनुताईंनी उचलली. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९२ साली त्या गेल्या. ताराबाईंसारख्या वडीलधाऱ्या बाईच्या हाताखाली इतकी वर्षे काम केल्यानेच त्यांना ही जबाबदारी पेलता आली, असे मला वाटते.

आता आपल्या आंदर मावळाकडे वळू. कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे निघाले की पुढे वडेश्वर, माऊ, कुसूर, खांडी अशी गावे आणि मध्ये ठोकळवाडी धरणाचे पाणी. पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. ठाकर-कातकरी वस्त्यांतली मुले आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात. आवणी लागली की थोरली मुलगी धाकट्याला सांभाळायला घरी राहते. म्हणजे कोसबाडचीच अडचण आपल्या दारात आहे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत दीडशेच्या वर मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक धरला आहे, आणि साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. वाडीवरच्या शाळेत दीडशे मुले कोठून आणायची? तेथे दोघांतला वडील शिक्षक वर्ग शिकवीत शिकवीतच शाळेचा कारभार पाहतो. पोषण आहाराचा हिशेब तोच लिहितो, वरून मागितलेली माहिती तोच भरतो, गळणारे पत्रे तोच बघतो आणि न आलेल्या मुलाच्या घरीही तोच जातो. मुख्याध्यापकाची पाटी त्याच्या नावाची नसते. धुरा मात्र त्याच्या खांद्यावर असते. बदली झाली की माणूस जाते, आणि गावाने काही धरून ठेवले नसेल तर त्याच्याबरोबर शाळेची घडीही जाते.

त्यातून २०२३ साली वीसाहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा कराव्यात, असा विचार शिक्षण खात्याने पुढे आणला. त्यात आपल्या जिल्ह्यातील पानशेतचे उदाहरण दिले होते. मोठ्या शाळेत सोयी अधिक मिळतात, हे खरे. पण धो धो पावसात ओढा ओलांडून सहा वर्षांची पोर दुसऱ्या गावी कशी जाईल, हे आपणच सांगितले पाहिजे. मुलांना आणण्या-नेण्याची गाडी एक दिवस आली नाही, तर पहिली घरी बसेल ती मुलगी. मी सातवीला थांबले, कारण पुढची शाळा लांब होती. आपल्या नाती पहिलीलाच थांबू नयेत.

यात आपल्याला काय करता येईल? त्याच कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती ठरविली आहे. तिच्यात पाऊण सभासद पालक हवेत आणि एकूण निम्म्या बायका हव्यात. ही जागा आपल्याला कोणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. पण सभेला पुरुष बसतात आणि सहीचे कागद आपल्या घरी येतात, असे ठिकठिकाणी चालते. ते बंद करू या. ज्या भगिनी समितीवर आहेत त्यांनी सभेला स्वतः बसावे, कागद वाचावा, मगच सही करावी. आवणीच्या दिवसांत मंडळाने पाळीपाळीने तान्ही मुले सांभाळावी, म्हणजे थोरल्या मुली शाळेत जातील. नवीन बाई किंवा गुरुजी बदलून आले, तर पहिल्या आठवड्यात दोघी-तिघींनी जाऊन वाडीवरची घरे त्यांना दाखवावी आणि कोणत्या घरचे पोर का येत नाही तेही सांगावे.

सावित्रीबाईंना फातिमा होत्या, अनुताईंना ताराबाई होत्या. आपल्या वाडीवरच्या शिक्षकाला निदान आपण असावे, एवढेच या निमित्ताने सुचवावेसे वाटते.