रांगेचा न्याय

दुकानाच्या बंद दारापुढे माणसांनी तासन्‌तास उभे राहावे, ही गोष्ट आपल्या शहरांना नवी नाही. धान्याच्या, साखरेच्या आणि रॉकेलच्या रांगा आपल्या वडील पिढीने सोसल्या. त्या रांगा पोटासाठी होत्या. जपान, अमेरिका यांसारख्या संपन्न देशांत मात्र गेल्या चार दशकांत एक निराळीच रांग दिसू लागली. तिच्या शेवटी अन्न नव्हते, औषध नव्हते. होते ते दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाचे यंत्र, ज्याला गेम कन्सोल म्हणतात. त्याच्यासाठी माणसांनी थंडीवाऱ्यात पदपथावर रात्री काढल्या.

या रांगेकडे पाहून हसू येणे स्वाभाविक आहे. रिकामटेकड्यांचा नाद म्हणून तिची वासलात लावणेही सोपे आहे. परंतु आम्ही कामगार संघटनेत आयुष्य घालवलेली माणसे. रांग पाहिली की आम्हांला पहिला प्रश्न सुचतो तो असा: वस्तू थोडी आणि मागणारे फार, अशा वेळी ती कोणाला मिळावी हे ठरवतो कोण? या प्रश्नाच्या उजेडात या रांगांचा इतिहास पाहिला, तर तो केवळ खेळण्याचा इतिहास राहत नाही.

प्रारंभ जपानपासून केला पाहिजे. निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे यंत्र १४,८०० येनला बाजारात आणले आणि थोड्याच वर्षांत ते तेथील घराघरांत जाऊन बसले. यंत्र घरी आले म्हणजे त्यावर खेळावयाला नवे नवे खेळही हवेत. अशा खेळांपैकी ‘ड्रॅगन क्वेस्ट’चा तिसरा भाग १० फेब्रुवारी १९८८ रोजी विक्रीस आला. तो वार बुधवार होता. आदल्या रात्रीपासूनच दुकानांपुढे माणसांच्या रांगा लागल्या आणि त्यांत शाळा बुडवून आलेली मुलेही होती. पोलिसांनी अशी मुले हटकून त्यांना समज दिली. पुढे जगभर अशी दंतकथा पसरली की, शाळेच्या दिवशी हा खेळ विकण्यास जपानी सरकारने कायद्याने बंदी केली. तसा कायदा कधीही झालेला नाही. पुढचा, चौथा भाग एनिक्स कंपनीने ११ फेब्रुवारी १९९० रोजी, म्हणजे रविवारी विक्रीस आणला, इतकेच खरे आहे.

गिऱ्हाईक अडले की व्यापाऱ्याची बुद्धी कशी चालते, हेही त्याच वेळी दिसले. एका घाऊक व्यापाऱ्याने या चौथ्या भागाबरोबर आपल्याकडे पडून राहिलेले, न खपणारे खेळ किरकोळ दुकानदारांच्या गळ्यात बांधले. व्यापारातील स्पर्धेवर देखरेख करणाऱ्या जपानी आयोगाने १९९२ साली हा व्यवहार गैर ठरवला. साखर हवी असेल तर हा साबणही घ्या, असे सांगणारा दुकानदार आपल्या ओळखीचाच आहे. टंचाईला देश नसतो, हेच खरे.

आता टंचाई का होते ते पाहू. सोनी कंपनीचे ‘प्लेस्टेशन २’ हे यंत्र ४ मार्च २००० रोजी जपानात ३९,८०० येनला विक्रीस आले. टोकियोच्या आकिहाबारा भागात लोक आदल्या रात्रीच येऊन बसले होते. पहिल्या दोनतीन दिवसांतच दहा लाखांच्या जवळपास यंत्रे खपली. ‘प्लेस्टेशन ३’ची कथा याहून बोलकी आहे. त्या यंत्रात नव्या प्रकारची तबकडी वाचण्यासाठी निळा लेसर किरण देणारा एक लहानसा भाग बसवावयाचा होता. तो पुरेशा संख्येने तयार होईना. सप्टेंबर २००६ मध्ये कंपनीने युरोपातील विक्री मार्च २००७ पर्यंत पुढे ढकलली. ११ नोव्हेंबर २००६ रोजी जपानात पहिल्या दिवसासाठी सुमारे एक लाख आणि १७ नोव्हेंबरला अमेरिकेत सुमारे चार लाख यंत्रे देण्याचे जाहीर झाले होते. मागणी याच्या कितीतरी पट होती.

मग कंपनीने किंमत का वाढवली नाही? अमेरिकेत मोठ्या यंत्राची किंमत ५९९ डॉलर होती. आयसप्लाय या पाहणी करणाऱ्या संस्थेने यंत्र उघडून सुटे भाग मोजले आणि ते बनवण्यास सुमारे ८४० डॉलर खर्च येत असावा, असा अंदाज दिला. म्हणजे प्रत्येक यंत्रामागे कंपनीला तोटाच होता. तरीही किंमत तेवढीच ठेवली, कारण या धंद्यातली खरी कमाई यंत्रावर नसून नंतर विकल्या जाणाऱ्या खेळांवर असते. यंत्र आधी घरात शिरले पाहिजे. किंमत बांधलेली आणि माल अपुरा, अशी स्थिती झाली म्हणजे या दोहोंमधली जागा भरून काढावयास रांगच लागते.

रांगेत नाणे चालते ते वेळेचे. जो आधी आला आणि जागचा हलला नाही, त्याचा हक्क पहिला. पैसेवाल्याची रात्र हमालाच्या रात्रीहून लांब नसते. म्हणून या नाण्यात एक प्रकारची समता आहे. हा न्याय परिपूर्ण आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. रात्रपाळीचा कामगार किंवा तान्ह्या मुलाची आई रांगेत उभी राहू शकत नाही. पण नियम नसण्यापेक्षा हा नियम बरा, हे आमच्या वर्गाला अनुभवाने कळले आहे. मुंबईच्या गिरण्यांच्या दाराशी बदली कामगार रोज सकाळी उभे राहत. त्यांनी किती वेळ वाट पाहिली याला किंमत नव्हती. जॉबर ज्याच्याकडे बोट करील तो आत जाई, आणि ते बोट वळवण्यासाठी पैसे मोजावे लागत. १९३५ साली बदली नियंत्रणाची पद्धत आली, निवडलेल्या कामगारांना कार्डे मिळाली आणि रिकाम्या जागा कार्डवाल्यांतून भरावयाच्या असे ठरले. जॉबरची सत्ता एका दिवसात संपली नाही. पण तिला लेखी नियमाचा अडसर बसला.

कन्सोलच्या रांगेलाही तिचे जॉबर भेटले. टोकियोत २००६ साली दलालांनी बेघर माणसांना रोजंदारीवर रांगेत उभे केल्याचे वृत्तान्त तेव्हा प्रसिद्ध झाले. त्या माणसांना खेळ खेळावयाचा नव्हता. त्यांनी विकली ती आपली रात्र. यंत्र दलालाकडे गेले आणि चढ्या भावाने पुन्हा बाजारात आले. ज्या क्षणी दुसऱ्याची रात्र विकत घेता येते, त्या क्षणी रांगेतली समता संपते आणि उरतो तो नेहमीचा पैशाचा बाजार. अमेरिकेत तर याहून वाईट घडले. कनेक्टिकट राज्यातील पटनम गावी १७ नोव्हेंबर २००६च्या पहाटे दोघा हत्यारबंद इसमांनी दुकानापुढे थांबलेल्या लोकांजवळचे पैसे मागितले आणि नकार देणाऱ्या एका माणसावर गोळी झाडली. तो सुदैवाने वाचला.

दोन वर्षांनी, २८ नोव्हेंबर २००८ रोजी, न्यूयॉर्कजवळ व्हॅली स्ट्रीम येथील वॉलमार्टच्या दारात जी गर्दी लोटली ती कन्सोलपुरती नव्हती. सवलतीच्या सगळ्याच मालाची होती. दार फुटले आणि आतला एक कामगार चेंगरून मेला. तो दुकानाचा कायम नोकरही नव्हता. मजूर पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत आलेला हंगामी माणूस होता. सरकारच्या कामगार-सुरक्षा खात्याने दुकानाला दंड ठोठावला तो ७,००० डॉलर. पुढे याच खात्याने दुकानदारांना सूचना दिल्या: अडथळे घालून रांग वळवा, क्रमांकाच्या चिठ्ठ्या द्या, फार मागणीच्या मालासाठी सोडत काढा. रांगेला नियम हवा, हे शहाणपण एका मजुराचा जीव गेल्यावर कागदावर आले.

या कथेत आणखी एक रांग आहे. ती दुकानापुढे दिसत नाही. यंत्रे जोडणाऱ्या कारखान्यात सरकत्या पट्ट्याजवळ उभ्या असलेल्या माणसांची ती रांग. चीनमधील यानताई येथील फॉक्सकॉनच्या कारखान्यात चौदा वर्षांची मुले उमेदवार म्हणून कामास लावली गेल्याचे २०१२ साली कंपनीनेच मान्य केले. २०१३ साली ‘प्लेस्टेशन ४’ बाजारात येण्याच्या सुमारास शीआन येथील विद्यार्थ्यांनी तक्रार केली की, आम्हांला येथे शिक्षणाच्या नावाखाली जबरीने राबवले जाते. रात्रपाळी आणि जादा कामाबाबत आपल्याच धोरणाचा भंग झाल्याची कबुली कंपनीला द्यावी लागली. म्हणजे एकाच यंत्रासाठी दोन ठिकाणी तरुण माणसे रात्रभर उभी होती. एकाने आपली रात्र हौसेने दिली. दुसऱ्याची रात्र त्याला न विचारता घेतली गेली.

साथीच्या काळात दुकानापुढची रांगच मोडली. ‘प्लेस्टेशन ५’ १२ नोव्हेंबर २०२० रोजी आले, तेव्हा गर्दी टाळण्यासाठी पहिल्या दिवशी ते दुकानात न विकता केवळ इंटरनेटवरून विकले गेले. भारतात १२ जानेवारी २०२१ रोजी नोंदणी उघडली आणि काही मिनिटांत संपली. मुंबई-पुण्याचे गिऱ्हाईकही हात चोळीत बसले. पदपथावर निदान पुढचा माणूस दिसत होता. येथे विदेशांतल्या दलालांनी आपोआप खरेदी करणारे प्रोग्रॅम लावले होते, आणि माणूस बटण दाबण्याआधीच माल संपत होता. या अनुभवाने निन्टेंडोने निराळा मार्ग घेतला. ‘स्विच २’ हे यंत्र ५ जून २०२५ रोजी आले. जपानात कंपनीने आपल्या दुकानाच्या विक्रीसाठी सोडत ठेवली आणि अट घातली की अर्जदाराने जुन्या यंत्रावर निदान ५० तास खेळलेले असावे. सुमारे २२ लाख अर्ज आले. अटीचा अर्थ उघड आहे: ज्याने खरोखर वेळ दिला आहे त्याचा हक्क आधी. रांगेचेच जुने तत्त्व. फक्त थंडीतली रात्र तेवढी वगळली.

आमचे म्हणणे इतकेच की, रांग आपोआप न्यायी होत नाही. एका माणसाला एकच वस्तू, क्रमांकाची चिठ्ठी, आणि दुसऱ्याच्या नावावर उभे राहण्यास मज्जाव, एवढे नियम असले तर दुबळ्यालाही तिथे जागा मिळते. नसले तर दलाल आणि दांडगा यांचे फावते. आणि हा हिशेब दुकानाच्या दारापाशी संपवून चालणार नाही. वस्तू कोणाला आधी मिळाली हे विचारताना ती कोणी, कोणत्या पाळीत, कोणत्या वयात आणि स्वखुशीने की सक्तीने बनवली, हेही विचारले पाहिजे. हौस करणाऱ्यांवर आमचा रोष नाही. कामगाराच्या मुलालाही खेळ हवाच असतो. त्या खेळासाठी दुसऱ्या कामगाराच्या मुलाची झोप खर्ची पडू नये, एवढीच आमची मागणी आहे.