पूर्णपणे नाही, की अजिबात नाही? फैजपूर १९३६

मागच्या महिन्यात मी क्लायंटला एक मेल केला. सांगायचं होतं, टेस्टिंग पूर्ण झालेलं नाही, थोडं बाकी आहे. घाईत लिहिलं, 'कम्प्लीटली नॉट टेस्टेड'. त्यांनी वाचलं, काहीच टेस्ट केलेलं नाही. रिलीज थांबलं. 'नॉट कम्प्लीटली' लिहायला हवं होतं. दोन शब्दांची जागा बदलली, बस्स.

मराठीतही असंच आहे बघा. 'मला हे पूर्णपणे पटलेलं नाही' म्हणजे थोडं पटलंय. 'मला हे पूर्णपणे अमान्य आहे' म्हणजे विषय संपला.

आता हाच फरक घेऊन आमच्या जळगाव जिल्ह्यात चला. डिसेंबर १९३६, फैजपूर. तेव्हा हा भाग पूर्व खानदेश. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं हे पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. साने गुरुजी त्यासाठी खानदेशात गावोगाव फिरले. बांबूच्या सजावटीचं काम चित्रकार नंदलाल बोस यांच्याकडे होतं.

समोर प्रश्न होता इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्याचा. प्रांतांत निवडून आलेले मंत्री येणार होते, पण गव्हर्नरांकडे विशेष अधिकार राहणार होते. इकडे काँग्रेसने १९२९ मध्येच लाहोरला 'पूर्ण स्वराज्य' हे ध्येय ठरवलेलं. मग या कायद्याला काय म्हणायचं? 'पूर्णपणे मान्य नाही', की 'पूर्णपणे अमान्य'?

फैजपूरने दुसरं निवडलं. कायदा संपूर्ण नाकारला. पण गंमत म्हणजे, त्याच कायद्याखाली निवडणूक लढवायचंही ठरलं. कायदेमंडळात जायचं ते सहकार्य करायला नाही, कायदा मोडीत काढायला. मंत्रिपदं घ्यायची का, हा निर्णय निवडणुकीनंतरवर ढकलला. नेहरूंचा मंत्रिपदांना विरोध होता. तरी जुलै १९३७ मध्ये ती घेतली गेली, मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं.

मग तो 'संपूर्ण' शब्द पोकळ होता का? मला नाही वाटत. 'पूर्णपणे मान्य नाही' म्हटलं असतं, तर घासाघीस सुरू झाली असती: किती मान्य, किती नाही? 'पूर्णपणे अमान्य' म्हटल्यामुळे खुर्चीत बसल्यावरही कोणीही विचारू शकत होतं, 'भाऊ, तुम्ही तर हे नाकारलं होतं ना?' १९३९ मध्ये इंग्रजांनी न विचारता भारताला युद्धात ओढलं, तेव्हा काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले.

शब्द पूर्ण असतो, वागणं क्वचितच. पण शब्द पूर्ण असला की वागणं किती कमी पडलं ते मोजता तरी येतं.

तुमच्या घरी फैजपूर अधिवेशनाच्या ऐकीव आठवणी असतील, तर व्हॉइस नोट नक्की पाठवा. आणि हो, मेल पाठवण्याआधी 'नॉट' कुठे बसलाय ते बघा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!