यंत्राच्या स्पिंडलवर हत्याराची पकड : एका दुर्लक्षित सांध्याचा इतिहास

प्रस्तावना

औद्योगिक क्रांतीचा इतिहास लिहिताना वाफेचे इंजिन, विद्युत मोटार, पोलाद आणि अलीकडच्या काळात संगणक यांना मानाचे स्थान दिले जाते. मात्र मोटारीची शक्ती ज्या ठिकाणी कापणाऱ्या हत्याराच्या स्वाधीन होते, त्या सांध्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. फिरणारा स्पिंडल आणि त्यावर बसवलेले ड्रिल, मिलिंग कटर अथवा रंध्याचे पाते यांच्यामधील हा सांधा दिसायला लहान आहे. तो ढिला पडला तर काम बिघडते आणि तो सुटला तर माणूस जायबंदी होतो. या सांध्याच्या इतिहासाच्या दोन बाजू आहेत. एक बाजू अचूकतेची असून ती अभियांत्रिकीच्या पुस्तकांत आढळते. दुसरी बाजू कामगाराच्या सुरक्षिततेची असून ती कारखानाविषयक कायद्यांच्या कलमांत विखुरलेली आहे. या दोन्ही बाजू एकत्र वाचल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही, हे दाखवण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१. हाताच्या जोराकडून यंत्राच्या जोराकडे

सुताराचे गिरमिट असो वा हाताने फिरवायचे ड्रिल, त्यातील हत्याराला लागणारा जोर माणसाच्या दंडाइतकाच असतो. पाते लाकडात अडकले की हात थांबतो. अशा साधनात चौकोनी निमुळते टोक त्याच आकाराच्या खाचेत बसवले तरी काम भागते. यंत्राची गोष्ट वेगळी आहे. हत्यार अडकले म्हणून पट्ट्यावर चालणारे यंत्र लगेच थांबत नाही. अडकलेल्या हत्यारावर ते आपला सगळा जोर लावत राहते. त्यामुळे पकडीची जबाबदारी हातावर न राहता सांध्याच्या रचनेवर आली.

आरंभीच्या ड्रिलिंग यंत्रांत लोहाराने घडवलेले चपट्या टोकाचे ड्रिल स्पिंडलच्या छिद्रात घालून ते बाजूच्या स्क्रूने आवळण्याची पद्धत प्रचलित होती. या पद्धतीत दोन दोष होते. स्क्रू एकाच बाजूने दाबत असल्यामुळे ड्रिल मध्यापासून किंचित सरकत असे आणि छिद्र नेमक्या मापाचे पडत नसे. दुसरा दोष अधिक गंभीर होता. स्क्रूचे डोके फिरत्या स्पिंडलच्या बाहेर आलेले असल्यामुळे कामगाराची बाही किंवा पदर त्यात गुंतण्याची भीती असे.

२. मोर्सचा शंकू

स्टीफन अँब्रोझ मोर्स या अमेरिकन यंत्रकाराला ७ एप्रिल १८६३ रोजी पीळदार ड्रिलचे पेटंट मिळाले. १८६४ मध्ये स्थापन झालेली त्याची कंपनी पुढे मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यू बेडफर्ड येथे भरभराटीस आली. मोर्सचे नाव आज पीळदार ड्रिलपेक्षाही त्याच्या निमुळत्या शेपटीमुळे, म्हणजेच ‘मोर्स टेपर’मुळे, अधिक घेतले जाते. या शेपटीचा व्यास दर फूट लांबीमागे सुमारे ५/८ इंचाने कमी होत जातो. शंकूची बाजू त्याच्या मध्यरेषेशी जेमतेम दीड अंशाचा कोन करते.

या दीड अंशातच या युक्तीचे सामर्थ्य आहे. उतार इतका अल्प असल्यामुळे पोलादावरील पोलादाचे घर्षण शंकूला मागे सरकू देत नाही. ड्रिल वर ढकलून ठोकले की ते आपल्याच पकडीने बसते, आणि छिद्र पाडताना खालून येणारा दाब ही पकड अधिक घट्ट करतो. शंकू चारही बाजूंनी सारखा टेकत असल्यामुळे ड्रिल मध्यावर राहते आणि बाहेर डोकावणारा स्क्रू लागत नाही. ड्रिल काढायचे झाल्यास स्पिंडलच्या खाचेतून पाचरीसारखी ड्रिफ्ट घालून शेपटीच्या चपट्या टोकावर ठोका मारावा लागतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकणारा विद्यार्थी आजही ही कृती शिकतो.

मोर्सच्या पद्धतीतील एक विसंगतीही लक्षात घेण्याजोगी आहे. शून्य ते सात अशा तिच्या क्रमांकांचे उतार परस्परांशी तंतोतंत जुळत नाहीत. पहिल्या क्रमांकात दर फुटामागे ०.५९८५८ इंच, तर पाचव्या क्रमांकात ०.६३१५१ इंच असा उतार आहे. हा फरक पुढे दुरुस्त करता आला नाही, कारण तोपर्यंत असंख्य यंत्रे आणि हत्यारे याच मापांची तयार झाली होती. त्यामुळे प्रमाणीकरण करणाऱ्या संस्थांना हा फरक स्वीकारूनच मानके निश्चित करावी लागली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात सर्वोत्तम मापापेक्षा सर्वत्र पोहोचलेले माप कसे टिकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

३. मोटार, वेग आणि चकची चावी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन बदल जवळजवळ एकाच वेळी घडले. छतालगतच्या एका लांब शाफ्टवरून पट्ट्यांनी सर्व यंत्रे चालवण्याऐवजी प्रत्येक यंत्राला स्वतंत्र विद्युत मोटार देण्याची पद्धत हळूहळू रूढ होऊ लागली. त्याच सुमारास फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी विकसित केलेले हाय-स्पीड स्टील १९००च्या पॅरिस प्रदर्शनात जगापुढे आले. तापून लाल झाले तरी धार टिकवणाऱ्या या पोलादामुळे कापण्याचा वेग कितीतरी पटींनी वाढवता येऊ लागला. त्याबरोबर सांध्यावर येणारा भारही वाढला.

साध्या सरळ शेपटीच्या लहान ड्रिलसाठी या काळात तीन जबड्यांचा चक लोकप्रिय झाला. आर्थर आयर्विंग जेकब्स याने १९०२ मध्ये दातेरी चावीने आवळण्याच्या चकचे पेटंट घेतले. पान्याने चक आवळताना स्वतःचीच बोटे सोलवटल्यामुळे त्याला ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. आख्यायिकेचा भाग वगळला तरी या रचनेने एक जुनी इजा टाळली, हे खरे. मात्र तिच्यातून एक नवा धोका निर्माण झाला. चावी चकमध्ये तशीच राहिली आणि कोणी मोटारीचे बटण दाबले, तर ती दगडासारखी भिरकावली जाते. हात काढताच आपोआप बाहेर पडणारी स्प्रिंगची चावी हा त्यावरील पुढचा उपाय होय. एक धोका दूर करणारी रचना दुसऱ्या धोक्याला जागा देते, ही बाब या इतिहासात वारंवार आढळते.

४. अडकणारा आणि सुटणारा शंकू

ड्रिलवर येणारा दाब शंकूला आत ढकलतो. मिलिंग कटरवर मात्र दाब बाजूने येतो आणि तोही प्रत्येक दाताबरोबर धक्क्याधक्क्याने येतो. अशा धक्क्यांनी मोर्सचा शंकू ढिला पडू शकतो. उलट, तो फार घट्ट बसला तर जड कटर ठोकून काढताना स्पिंडल व त्याची बेअरिंगे बिघडतात. म्हणून १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील मिलिंग यंत्रांच्या उत्पादकांनी वेगळाच मार्ग स्वीकारला. त्यांनी बारा इंचांमागे साडेतीन इंच, म्हणजे २४ भागांना ७ भाग, असा तीव्र उतार निश्चित केला. त्याची बाजू मध्यरेषेशी सुमारे ८.३ अंशांचा कोन करते. असा शंकू घर्षणाने अडकून राहत नाही. दाब काढताच तो सुटतो.

या बदलात एक महत्त्वाचा विचार होता. मोर्सच्या शंकूत मध्यावर ठेवणे, धरणे आणि फिरवणे ही तिन्ही कामे मुख्यतः एकच पृष्ठभाग करीत होता. नव्या पद्धतीत या कामांची विभागणी झाली. मध्यावर ठेवण्याचे काम शंकूकडे राहिले, फिरवण्याचे काम स्पिंडलच्या तोंडाशी असलेल्या दोन चाव्यांकडे गेले आणि धरून ठेवण्याचे काम स्पिंडलमधून आरपार जाणाऱ्या ड्रॉबारकडे आले.

५. रंध्याचा ठोकळा आणि कामगाराची बोटे

धातुकामात हा विचार अचूकतेच्या गरजेतून पुढे गेला. लाकूडकामात त्याला दुखापतींनी चालना दिली. मोटारीवर चालणाऱ्या रंधा यंत्रात पूर्वी चौकोनी ठोकळ्याच्या बाजूंवर बोल्टने पाती आवळलेली असत. चौकोन फिरताना त्याचे कोपरे मोठे वर्तुळ आखतात आणि त्याच्या सपाट बाजूंपाशी मोकळी पोकळी राहते. लाकूड हाताने पुढे सरकवताना हात घसरला तर बोटे त्या पोकळीत खेचली जात आणि थेट छाटली जात. विसाव्या शतकाच्या आरंभी गोल ठोकळ्याचा प्रसार झाला. त्यात पाती खाचेत पाचरीने दाबून बसवलेली असतात आणि त्यांची धार पृष्ठभागाच्या अगदी थोडी बाहेर राहते. हात घसरला तरी इजा सहसा वरवरची होते. शिवाय ठोकळा फिरू लागला की अपकेंद्री बलाने पाचर अधिक घट्ट बसेल, अशी योजनाही यात करता येते.

ही सुधारणा केवळ मालकांच्या इच्छेवर सोडून चालले नाही. ब्रिटनमध्ये १९२२च्या लाकूडकाम यंत्रविषयक नियमांनी हाताने लाकूड सरकवण्याच्या रंधा यंत्रासाठी गोल ठोकळा बंधनकारक केला. स्वतंत्र भारतात १९४८चा कारखाना अधिनियम आला आणि त्याखाली राज्यांनी नियम केले. १९६३च्या महाराष्ट्र कारखाने नियमांतील लाकूडकाम यंत्रांविषयीच्या अनुसूचीतही हीच अट घालण्यात आली.

१९४८च्या अधिनियमातील दोन कलमे या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहेत. कलम २६ने फिरत्या शाफ्टवरील किंवा स्पिंडलवरील प्रत्येक स्क्रू, बोल्ट व चावी आत बुडवलेली किंवा झाकलेली असावी, असे ठरवले. मोर्सच्या आधीच्या सांध्यातील बाहेर डोकावणारे डोके म्हणजेच या कलमाचा विषय होय. कलम ३०ने घासकामाच्या प्रत्येक यंत्राजवळ चाकाचा कमाल सुरक्षित परिघीय वेग आणि ते ज्या स्पिंडलवर बसवले आहे त्याचा वेग दर्शवणारी सूचना लावणे आवश्यक केले. म्हणजे हत्यार आणि स्पिंडल यांचा विचार जोडीनेच करावा लागतो, हे तत्त्व कायद्याने मान्य केले. कलम २६ची मर्यादाही नोंदवली पाहिजे. ते अधिनियम अमलात आल्यानंतर बसवलेल्या यंत्रांनाच लागू होते. अशी सदोष यंत्रे विकणाऱ्यालाही त्याने जबाबदार धरले; परंतु आधीपासून चालत असलेल्या जुन्या यंत्रांवरील कामगाराला या कलमाचा आधार नव्हता.

६. माणसाशिवाय बदलणारे हत्यार

१९५८च्या सुमारास अमेरिकेतील कीअर्नी अँड ट्रेकर या कंपनीने ‘मिलवॉकी-मॅटिक’ हे यंत्र तयार केले. संख्यात्मक नियंत्रणावर चालणारे हे यंत्र आपली हत्यारे स्वतः बदलत असे. पूर्वी कामगार पान्याने आवळत असलेला ड्रॉबार अशा प्रकारच्या यंत्रांत चकती-स्प्रिंगांच्या चळतीने ओढला जाऊ लागला. तीव्र उताराचा शंकू सहज सुटत असल्यामुळेच हे स्वयंचलन शक्य झाले. तीस वर्षांपूर्वी वेगळ्या गरजेतून केलेली निवड येथे उपयोगी पडली.

या रचनेतील एक बारकावा महत्त्वाचा आहे. हत्यार धरण्याचे काम स्प्रिंग करते. तेलाचा किंवा हवेचा दाब लागतो तो ते सोडण्यासाठी. परिणामी वीज गेली, नळी फुटली अथवा पंप बंद पडला, तरी हत्यार सुटत नाही. बिघाड झाल्यास यंत्राने कोणत्या बाजूला झुकावे, याचा निर्णय रचना करतानाच घेतलेला असतो.

पुढे वेग आणखी वाढला, तेव्हा तीव्र उताराच्या शंकूच्याही मर्यादा उघड झाल्या. मिनिटाला काही दहा हजार फेऱ्यांवर स्पिंडलचे तोंड अपकेंद्री बलाने किंचित फुलते, ओढ असलेला शंकू आत सरकतो आणि हत्याराची लांबी बदलते. यंत्र थांबल्यावर तोच शंकू आत अडकून बसतो. जर्मनीत आखन येथील तंत्रविद्यापीठाच्या पुढाकाराने यावर उपाय शोधण्यात आला. एचएसके या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पोकळ व आखूड शंकूचे जर्मन मानक १९९३ मध्ये आणि आंतरराष्ट्रीय मानक २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. यात शंकूबरोबर हत्यारधारकाची कडही स्पिंडलच्या तोंडाला टेकते, त्यामुळे तो आत सरकू शकत नाही. पकडणारे पंजे पोकळ शंकूच्या आतून बाहेरच्या दिशेने रुततात. वेग वाढला की तेच अपकेंद्री बल त्यांची पकड अधिक घट्ट करते. गोल ठोकळ्यातील पाचरीचे तत्त्व येथे निराळ्या रूपात पुन्हा दिसते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, हत्याराची पकड क्रमाक्रमाने माणसाच्या मनगटाकडून आकाराकडे आणि आकाराकडून स्प्रिंगकडे सरकली. दुसरी, यशस्वी ठरलेल्या बहुतेक रचनांनी सांध्यावर येणाऱ्या बलाला केवळ विरोध केला नाही, तर त्याला पकडीच्या कामाला लावले. तिसरी, सुरक्षितता ही अचूकतेची आपोआप मिळणारी देणगी नाही. मोर्सचा शंकू बाजारपेठेने स्वीकारला. रंध्याच्या गोल ठोकळ्याला मात्र कायद्याची सक्ती लागली. छिद्र वाकडे पडल्याचे नुकसान मालकाला लगेच कळत होते. बोट तुटल्याचे नुकसान प्रामुख्याने कामगार सोसत होता. या दोन नुकसानींची गणना एकाच खात्यात होत नसल्यामुळे दोन्ही सुधारणांना वेगवेगळे मार्ग घ्यावे लागले.

आज महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहतींत संगणकनियंत्रित यंत्रकेंद्रे आणि मोर्स टेपरची साधी ड्रिलिंग यंत्रे शेजारी शेजारी चालतात. या इतिहासाचे सर्व टप्पे तेथे एकाच वेळी नांदत आहेत. म्हणून अभियांत्रिकीच्या वर्गात शंकूचा कोन शिकवताना कायद्याचे कलम आणि कामगारविषयक इतिहास शिकवताना शंकूचा कोन, अशी देवाणघेवाण झाल्यास दोन्ही विषयांच्या अध्यापनाला अधिक अर्थ प्राप्त होईल.