दिवाबत्तीची नेमणूक

बडोद्याहून उत्तरेस साधारण तीस किलोमीटर गेले की आमचे सावली गाव लागते. गायकवाडीच्या इतिहासात या गावाचे नाव आले ते एका दुःखद प्रसंगाने. १७३२ साली गुजरातचा मोगल सुभेदार, मारवाडचा अभयसिंह, याने बोलणी करण्याच्या मिषाने डाकोरला आपली माणसे धाडली आणि पिलाजीराव गायकवाडांचा घात करविला. पिलाजीरावांच्या लोकांनी त्यांचा देह मही ओलांडून आणला व सावलीस अग्नी दिला. त्यांच्या स्मृतीचे देऊळ गावात आहे.

आठवीच्या वर्गाला मी हा प्रसंग सांगतो तेव्हा शेवटी एक प्रश्न विचारतो. देऊळ कोणाच्या स्मरणार्थ झाले हे पुस्तकात सापडते. पण त्यानंतर इतकी वर्षे तेथे झाडलोट कोणी केली, पावसाळ्यात छत गळू लागले तेव्हा चुना कोणी आणला, हे कोठे सापडेल? मुले गप्प बसतात. खरे म्हणजे उत्तर माझ्याजवळही नसते. मात्र जुन्या सनदा चाळणाऱ्यास एक गोष्ट दिसते, ती ही की देवस्थानास जमीन किंवा रोकड लावून देताना दिवाबत्ती, नैवेद्य, झाडलोट यांची नेमणूक वेगळी लिहून देण्याची चाल होती. बांधणारा एकदा बांधून जातो, तेल मात्र रोज लागते, हे त्या कारकुनांना पक्के ठाऊक होते.

वाचकांना वाटेल, मुख्याध्यापक पुन्हा गायकवाडीत शिरले. तसे नाही. प्रस्तुत लेख संगणकावरील साइटींविषयी आहे, आणि त्यातही मोठ्या कंपन्यांच्या नव्हे, तर लहान कलावंतांच्या. या विषयालाही आता पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास झाला आहे, आणि त्यातला बराचसा पुसलाही गेला आहे. म्हणून तो लिहून ठेवावासा वाटला.

निमित्त घडले ते आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्यामुळे. हा गृहस्थ (आता त्यालाही चाळिशी लागली) गावातच एका माळ्यावर बसून लोकांना साइटी करून देतो. गरबा शिकवणाऱ्या एक बाई, बडोद्याच्या ललितकला विभागातून शिकून आलेला चित्रकार, लग्नात सनई वाजवणारे, गझला लिहिणारे एक निवृत्त तलाठी, असे त्याचे गिऱ्हाईक. मातृभाषा गुजराती असल्यामुळे मराठी मजकूर तपासायला तो माझ्याकडे येतो. माझा मेहनताना एक कप चहा. एकदा मी विचारले, “काय रे, एवढ्याशा कामाला दरवर्षी पैसे कसले घेतोस?” तो म्हणाला, “साहेब, बनाववुं सहेलुं छे, साचववुं अघरुं.” करणे सोपे, जपणे अवघड.

दोन भाषांत राहणाऱ्यांच्या कानाला यात गंमत जाणवेल. मराठीत आपण पाणी साचवतो, पैसा साचवतो. म्हणजे नुसता साठा करतो. गुजरातीत साचववुं म्हणजे काळजीने सांभाळणे. धातू दिसायला एकच, पण घर बदलल्यावर त्याचा स्वभावही बदलला. साइटींचा सगळा इतिहास मला या दोन अर्थांच्या मधोमध सापडतो.

प्रारंभीचा काळ आठवा. भारतीय लिप्यांना युनिकोडमध्ये १९९१ सालीच जागा मिळाली होती. देवनागरी आणि गुजराती यांची घरे तर इतकी समांतर आखली होती की दोन्हींत ‘क’ आपापल्या रांगेत त्याच क्रमांकावर बसतो. पण कागदावरची ही सोय लोकांच्या संगणकांत यायला दहाएक वर्षे गेली. तोवर जो तो आपापला फाँट वापरी. पडद्यावर मराठी दिसे, आत असत रोमन अक्षरे. तो फाँट दुसऱ्याच्या यंत्रात नसला की कवितेच्या जागी कंस, स्वल्पविराम आणि इंग्रजी अक्षरांची भेळ दिसायची. सीमाभागातील वाचकांना ‘बरहा’ आठवत असेल. १९९८ साली कन्नडसाठी निघालेले हे साधन पुढे देवनागरीही लिहू लागले आणि पुष्कळ मराठी लेखकांनी पहिली ओळ त्यावर टंकली.

त्या काळी लोकांनी फुकटच्या जागांवर घरे बांधली. जिओसिटीज ही त्यांतली सर्वांत मोठी वसाहत. ऑक्टोबर २००९ मध्ये तिच्या मालकांनी ती बंद केली आणि जगभरच्या असंख्य हौशी लेखकांची पाने एका फटक्यात गेली. काही ठिकाणी टिकाव धरला गेला. परदेशस्थ मराठी मंडळींनी १९९६ साली सुरू केलेली ‘मायबोली’ आणि २००४ सालचे ‘मनोगत’ ही ठळक नावे. ब्लॉग लिहिणाऱ्यांची गर्दी झाली तेव्हा ‘रेषेवरची अक्षरे’ या नावाने निवडक ब्लॉगलेखनाचा दिवाळी अंकही २००८ पासून काही वर्षे निघाला. तो केवळ पडद्यावर वाचायचा अंक होता. आपल्या अंकाचा हा धाकटा भाऊच म्हणायचा.

ज्या साधनावर आमचा विद्यार्थी पोट भरतो त्या वर्डप्रेसच्या जन्माची कथा मी त्याच्याकडूनच ऐकली व नंतर पडताळून पाहिली. फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावरच्या मिशेल वाल्द्रिगी या तरुणाने ‘बी-टू’ नावाचे ब्लॉग चालवण्याचे साधन तयार केले होते. ते फुकट आणि सर्वांना खुले होते. २००२ च्या अखेरीस त्याचे काम थांबले. ज्यांचे ब्लॉग त्यावर चालत होते ते अडकले. त्यांत अमेरिकेतील मॅट मुलेनवेग हा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी होता. जानेवारी २००३ मध्ये त्याने आपल्या ब्लॉगवर लिहिले की हे साधन पडून राहू नये, आपण ते पुढे चालवावे. इंग्लंडमधून माइक लिटल यांनी त्याखाली कळवले की मी मदतीला आहे. २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती निघाली. आज जगातील दर दहा साइटींपैकी सुमारे चार त्यावर चालतात असे मोजणारे सांगतात. सांगण्याचा हेतू हा की या प्रचंड गोष्टीचा उगम नव्या शोधात कमी आणि दुसऱ्याच्या पडक्या घराची डागडुजी करण्यात अधिक होता. मूळ बांधणाऱ्याने दार उघडे ठेवले होते, म्हणूनच डागडुजी करता आली, हेही विसरता येत नाही.

तरीही डागडुजी संपत नाही. २००७ पूर्वीच्या वर्डप्रेसमध्ये अक्षरे साठवण्याची व्यवस्था युरोपी भाषांच्या बेताने असे. तेव्हाची मराठी साइट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवताना जरा चूक झाली की सबंध मजकूर प्रश्नचिन्हांचा होऊन बसे. अभंगाच्या पानावर नुसती प्रश्नचिन्हांची रांग मी डोळ्यांनी पाहिली आहे. २०१८ च्या डिसेंबरात पाचवी आवृत्ती आली, लिहिण्याची खिडकीच बदलली आणि जुन्या सजावटी पुष्कळ ठिकाणी मोडल्या. शिवाय खालची भाषा बदलते, जोडलेली उपकरणे जुनी होतात, त्यांच्या फटींतून चोर शिरतात. हे सारे सनईवाल्या दादांना समजावणे कठीण. ते म्हणतात, “घर बांधून झाले, आता गवंड्याला दरसाल पैसे का द्यायचे?”

बडोद्यात या बाबतीत एक फार मोठे काम झाले आहे आणि मराठी घरांत ते पुरेसे ठाऊक नाही. मृगेश शाह या तरुणाने २००५ साली ‘रीडगुजराती’ ही साइट सुरू केली. जगभरच्या गुजराती वाचकांना रोज वाचायला निवडक साहित्य मिळावे हा उद्देश. कथा, निबंध, कविता निवडायच्या, लेखकांची संमती मिळवायची, मजकूर टंकायचा, शुद्ध करायचा आणि ठरल्या वेळी पानावर चढवायचा, असा त्यांचा नित्यक्रम होता. परदेशी वाढणाऱ्या कितीतरी गुजराती मुलांच्या घरी त्यामुळे मातृभाषा पोचली. २०१४ साली मृगेशभाई अकाली गेले.

एका माणसावर उभी असलेली साइट त्या माणसाबरोबर जाते, हाच सर्वसाधारण अनुभव. येथे तसे झाले नाही. ‘अक्षरनाद’ ही साहित्याची साइट चालवणारे जिज्ञेश अध्यारू यांनी ‘रीडगुजराती’चे काम हाती घेतले आणि पुढे चालवले. एकाने लावलेला दिवा दुसऱ्याने स्वतःचा दिवा सांभाळून तेवत ठेवावा, ही गोष्ट वाङ्मयाच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे. आपल्या वाङ्मयेतिहासांत लेखक येतात, संपादक येतात, क्वचित प्रकाशकही. सर्व्हरचे भाडे भरणारा अजून आलेला नाही.

आता जे सांगायचे ते सांगणे जड जाते. आमच्या परिचयाचे एक कीर्तनकारबुवा होते. आख्याने त्यांची स्वतःची, काही तर गुजराती श्रोत्यांसाठी मुद्दाम दोन्ही भाषांत गुंफलेली. त्यांची साइट दुसऱ्याच कोणीतरी करून दिली होती. त्या धंदेवाईकाने साइटचे नाव स्वतःच्या पत्त्यावर नोंदवले, काही वर्षांनी धंदा बंद केला आणि तो परगावी गेला. नाव दरवर्षी पैसे भरून नवे करावे लागते. त्याच्या आठवणीची पत्रे न उघडणाऱ्या पत्त्यावर जात राहिली. बुवा वारले. वर्षश्राद्धाच्या आधी त्यांच्या मुलाने वडिलांचा आवाज ऐकावा म्हणून साइट उघडली, तर बुवांच्या नावाखाली जुगाराच्या जाहिराती! मुदत संपलेले नाव कोणीतरी विकत घेतले होते. सवलतीचे आठवडे केव्हाच उलटून गेले होते.

त्या साइटवरचा शब्दन् शब्द मी तपासला होता. अनुस्वार, ऱ्हस्वदीर्घ, सारे. पण त्या नऊ वर्षांत मी बुवांना एकदाही विचारले नाही की हे नाव कोणाच्या नावावर आहे, किल्ली कोणाकडे आहे. इतिहासाचा शिक्षक असून दिवाबत्तीची नेमणूक कोठे आहे हे मला पाहावेसे वाटले नाही.

अशा वेळी सयाजीराव महाराजांची आठवण होते. महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून बडोदे राज्यात ग्रंथालयांचे जाळे विणले, पेट्यांत पुस्तके घालून खेडोपाडी फिरती वाचनालये पाठवली, मोतीभाई अमीनांसारखा कार्यकर्ता त्या कामी लाभला, हे सर्वश्रुत आहे. माझे लक्ष मात्र त्या योजनेतील हिशेबाकडे जाते. वाचनालयासाठी गावाने जितकी वर्गणी जमवावी तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तितकीच सरकारने घालावी, असा तिहेरी नियम होता. महाराजांना सगळा पैसा स्वतः देणे अवघड नव्हते. पण मग वाचनालय महाराजांचे झाले असते. वर्गणी भरणाऱ्याला ते आपले वाटले. तेलाचा तिसरा हिस्सा गावाचा असला की दिवा विझला का हे पाहायला गाव येतेच.

हे मी एका संध्याकाळी विद्यार्थ्याला सांगितले. महाराजांचे त्याला फारसे कौतुक वाटले नाही, पण तिहेरी नियम त्याने उचलला. त्या वर्षी लाभपाचमेला, व्यापारी नव्या वह्यांचा मुहूर्त करतात त्याच दिवशी, त्यानेही एक लाल वही घातली. प्रत्येक साइटसाठी एक पान. पहिल्या खान्यात साइटचे नाव आणि मुदतीची तारीख; नाव कलावंताच्याच पत्त्यावर नोंदवलेले. दुसऱ्यात त्याची स्वतःची कामे: आवृत्ती बदलली, प्रत काढली, आणि काढलेली प्रत दुसरीकडे उघडून पाहिली. (ही शेवटची गोष्ट बहुतेक लोक करीत नाहीत. प्रत नुसती साचवतात.) तिसऱ्या खान्यात ‘साचवनार’, म्हणजे कलावंतानंतर किल्ली ज्याच्याकडे जाईल तो. गरब्याच्या बाईंनी शिष्येचे नाव दिले. गझलवाले तलाठी तीन महिने विचार करीत आहेत. सनईवाल्या दादांनी पैसे देणे बंद केले; त्यांचे पान कोरे आहे.

बुवांची साइट गेल्या वर्षी पुन्हा उभी राहिली, नव्या नावावर. जुन्या पानांच्या नकला इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेच्या साठ्यात मिळाल्या, त्यांतून अकरा आख्यानांचा मजकूर हाती आला. आवाज तेथे नव्हता. तो घरच्या ट्रंकेतील कॅसेटींतून काढावा लागला. तीन कॅसेटींची फीत चिकटून गेली होती. मजकूर माझ्याकडे तपासायला आला तेव्हा ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतला अर्धा र जागोजाग मोडलेला होता. गुजरातीत तो नाहीच, त्यामुळे विद्यार्थ्याला त्याचे व्यंग दिसत नाही. सतरा ठिकाणी दुरुस्ती केली.

त्या पानाच्या तिसऱ्या खान्यात बुवांच्या नातीचे नाव आहे. बारावीत आहे. मराठी बोलते, पण तिला वाचायला वेळ लागतो. वही पुढे केली तेव्हा तिने आपले नाव आडनावासकट गुजराती अक्षरांत लिहिले आणि मला विचारले, “काका, मुदतीची तारीख कुठली ते परत सांगा.”