वृद्ध घोड्याचा पोटशूळ : वारंवार उद्भवणाऱ्या व्याधीचे व्यवस्थापन

घोड्याच्या पोटात उठणाऱ्या कळेला मराठीत पोटशूळ व पशुवैद्यकाच्या परिभाषेत ‘कॉलिक’ म्हणतात. हे एका रोगाचे नाव नव्हे. साध्या वायूपासून आतड्याला पीळ पडण्यापर्यंत अनेक कारणांनी दिसणारे ते लक्षण आहे. तरुण घोड्याला एखाद्या वेळी शूळ उठून शमला, तर मालक ती गोष्ट विसरू शकतो. पंधरा-अठरा वर्षे ओलांडलेल्या घोड्याला मात्र तो दर दोन-तीन महिन्यांनी उठू लागला, की तो अपघात राहत नाही. त्यामागे काहीतरी कायमस्वरूपी बिघाड असतो आणि तो शोधून काढणे हाच उपचाराचा पहिला भाग ठरतो.

इंदूरच्या पश्चिमेस, धारकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बेटमा आणि त्याच्या आसपासचा प्रदेश एके काळी होळकरांच्या घोडदळाचा मुलूख होता. पागा, मोतद्दार, चंदी, तोबरा हे शब्द मराठी स्वारांबरोबर माळव्यात रुजले. आज पागा राहिल्या नाहीत. घोडा उरला तो मुख्यतः वरातीत, टांग्याला आणि काही शौकिनांच्या दारी. वरातीची घोडी हे अनेक कुटुंबांचे उत्पन्नाचे साधन असते. ती वीस वर्षांची झाली तरी तिच्या शांत स्वभावामुळे मागणी टिकून राहते. अशा जनावराचे दुखणे म्हणजे केवळ औषधाचा खर्च नसतो. घरातील एका मिळवत्या जिवाची ती काळजी असते.

शरीररचनेतच दडलेले कारण

घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान असते. त्याची क्षमता साधारण ८ ते १५ लिटर एवढीच. अन्ननलिका जठराला मिळते तेथील स्नायूंची पकड इतकी घट्ट असते, की घोड्याला वांती होत नाही. जठरात वायू किंवा द्रव साठल्यास त्याला वरच्या बाजूने वाट मिळत नाही आणि प्रसंगी जठर फुटते.

जठरापुढे सुमारे २० मीटर लांबीचे लहान आतडे, त्यानंतर चारा आंबवणारे प्रचंड अंधांत्र आणि दुमडून बसलेले मोठे आतडे अशी रचना आहे. मोठ्या आतड्याचा रुंद भाग श्रोणीजवळ एकदम वळतो आणि अरुंद होतो. कोरडा, नीट न चावलेला चारा नेमका याच वळणावर अडकतो. घोडा निसर्गतः दिवसातील बहुतेक वेळ थोडे थोडे चरणारा प्राणी आहे. त्याला दोन वेळा भरपेट दाणा आणि उरलेला वेळ रिकामे ठाण, असा दिनक्रम लावला की या रचनेवर ताण येतो.

वय वाढते तेव्हा

पहिला बदल दातांत होतो. घोड्याचे दात आयुष्यभर वर्षाला दोन-तीन मिलिमीटर या गतीने हिरडीतून वर येत राहतात आणि चावताना झिजतात. उतारवयात हा साठा संपत येतो. काही दाढा गळतात, काहींना धारदार कडा येतात आणि चावणे दुखरे होते. तोंडातून अर्धवट चघळलेल्या चाऱ्याचे बोळे पडणे, लिदीत लांब काड्या व अखंड दाणे दिसणे, ही त्याची खूण. घोड्याची लाळ केवळ चावतानाच सुटते. चावणे कमी झाले की लाळही कमी होते आणि घास कोरडाच पुढे सरकतो.

दुसरा बदल हालचालीत होतो. सांधे आखडलेला घोडा कमी चालतो, पाण्यापर्यंत जाण्याचा कंटाळा करतो आणि आतड्याची गतीही मंदावते. तिसरे कारण मेदाच्या गाठींचे. पंधरा वर्षांवरील घोड्यांत आतड्याच्या पडद्याला देठावर लोंबणाऱ्या चरबीच्या गाठी तयार होऊ शकतात. त्यांचा देठ एखाद्या दिवशी लहान आतड्याभोवती फास टाकतो. अशा वेळी शस्त्रक्रियेखेरीज उपाय उरत नाही. याशिवाय जंतांनी पूर्वी केलेली इजा, जठरातील व्रण आणि वेदनाशामकांचा दीर्घ वापर, हीदेखील शूळ पुन्हा पुन्हा उठण्याची कारणे आहेत.

माळव्याचे ऋतू आणि वरातीचे पंचांग

बेटम्यासारख्या गावी या व्याधीचा लग्नसराईशी जवळचा संबंध असतो. आषाढी ते कार्तिकी एकादशी हे चार महिने लग्ने नसतात. घोडी ठाणावर बांधलेली राहते. बाहेर काळी माती चिखलाने भरलेली असते, म्हणून फिरवणेही थांबते. कार्तिकी एकादशीनंतर एकाएकी रात्री-अपरात्रीच्या वराती, ढोल-ताशे, लांबचा प्रवास आणि वाढवलेला दाणा सुरू होतो. व्यायाम आणि आहार यांतील असा अचानक बदल हे शूळाचे जगभर मान्य झालेले कारण आहे.

त्यात प्रथेचा भाग येतो. वर घोडीवर चढण्यापूर्वी तिची पूजा करून तिला भिजवलेली चण्याची डाळ चारतात. एका लग्नात ती ओंजळभर असते. परंतु एका रात्री दोन-तीन वराती, त्यांत गूळ, पोळ्या आणि मिठाई यांची भर पडली, की वृद्ध घोडीच्या आतड्यात पिष्टमय अन्नाचा मोठा साठा आंबू लागतो. शूळाबरोबर खुरांना सूज येण्याचा धोकाही त्यातून निर्माण होतो. प्रथा मोडण्याची गरज नाही. एक चिमूट डाळ तोंडी लावून उरलेली बाजूला ठेवण्यास यजमानाला सांगणे पुरेसे आहे.

ऋतूंचाही वाटा असतो. हिवाळ्यात माळव्याच्या थंड रात्री हौदातील पाणी गार पडते आणि म्हातारा घोडा ते कमी पितो. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, घामातून क्षार जातात आणि मल कोरडा होतो. पावसाळ्यात चाऱ्याला बुरशी लागते. गहू-हरभऱ्याच्या सुगीत सुटलेला घोडा धान्याच्या राशीत तोंड घालतो. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरील वालुकामय जमिनीवर चारा टाकला, तर त्याबरोबर वाळू पोटात जाते. तेथे चारा गव्हाणीत किंवा ताडपत्रीवर द्यावा.

दाणा, वैरण आणि पाणी

या भागात सर्वांत सहज मिळते ते गव्हाचे भुसकट. ते स्वस्त असले तरी कठीण, कोरडे आणि पचनास जड असते. दाढा झिजलेल्या घोड्याला केवळ भुसकटावर ठेवणे म्हणजे आतड्याच्या वळणावर अडथळ्याला निमंत्रण देणे होय. त्याचे प्रमाण कमी करून मऊ वाळलेले गवत व बारीक कापलेली हिरवी वैरण वाढवावी. भुसकट द्यावेच लागले तर चाळून, भिजवून द्यावे. लसूणघास थोडी व किंचित कोमेजवून चालते. ओली लसूणघास पोटभर दिल्यास वायू होतो.

वैरणीचे किमान प्रमाण कोरड्या वजनात शरीराच्या दीड टक्का धरावे. ४०० किलोच्या घोड्याला हे दिवसाला सहा किलो होते. ती तीन-चार वेळांत विभागावी आणि रात्री ठाण रिकामे राहू देऊ नये. जव किंवा ओट भरडून, भिजवून, एका वेळी एक किलोच्या आत द्यावे. कोरडे चणे देऊ नयेत. कच्चे सोयाबीन वर्ज्य समजावे. कोणताही नवा चारा वा दाणा दहा ते चौदा दिवसांत क्रमाक्रमाने वाढवावा. गाई-म्हशींचे अथवा कोंबड्यांचे तयार खाद्य घोड्याला कधीही घालू नये. त्यातील काहींमध्ये मोनेन्सिन हे द्रव्य असते आणि ते घोड्याला अल्प प्रमाणातही प्राणघातक ठरते.

विश्रांतीच्या दिवशी घोड्याला साधारण २५ ते ३० लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात व कामाच्या दिवसांत ते बरेच वाढते. हौद रोज धुवावा, थंडीत पाणी कोमट करून द्यावे आणि दिवसाला सुमारे ३० ग्रॅम मीठ दाण्यात मिसळावे. वरातीला जाताना घरचे पाणी पिंपातून बरोबर न्यावे, कारण अनोळखी वासाचे पाणी घोडा नाकारतो.

दात, जंत आणि रपेट

वृद्ध घोड्याच्या दातांची तपासणी सहा महिन्यांतून एकदा व्हावी. कडा घासून घेणे हे पशुवैद्यकाचे काम आहे. लोहाराच्या कानशीने ते करू नये. जंतांचे औषध दर दोन महिन्यांनी अंदाजाने देण्यापेक्षा लिदीतील अंड्यांची मोजणी करून द्यावे. आयव्हरमेक्टिन गोल कृमींवर चालते, पण फीतकृमीवर चालत नाही. फीतकृमी हे लहान आतडे अंधांत्राला मिळते त्या जागच्या शूळाचे कारण असल्याने, त्यासाठी प्राझिक्वांटेलचा विचार पशुवैद्यकाच्या सल्ल्याने करावा.

पावसाळ्यातही रोज दोन वेळा अर्धा-अर्धा तास चालवणे आवश्यक आहे. कार्तिकी एकादशीच्या तीन आठवडे आधीपासून रपेट आणि दाणा दोन्ही हळूहळू वाढवत नेले, तर हंगामाची सुरुवात सुरळीत होते.

शूळ उठल्यावर

खाणे थांबवणे, पोटाकडे वळून पाहणे, पुढच्या पायाने जमीन उकरणे, वरचा ओठ वळवणे, वारंवार बसणे-उठणे ही आरंभीची चिन्हे. घाम फुटणे आणि आवेगाने लोळणे ही वाढलेल्या वेदनेची. वृद्ध घोडा वेदना कमी दाखवतो. त्यामुळे बाह्य लक्षणांपेक्षा नाडीवर भरवसा ठेवावा. विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. ती ५० कडे गेली तर पशुवैद्यकाला कळवावे. ६० च्या वर टिकली तर एक क्षणही दवडू नये. हिरड्यांचा रंग गुलाबी असावा. त्या फिक्या, विटकरी वा जांभळट दिसल्या, तर प्रकृती गंभीर आहे. दोन्ही कुशींना कान लावून आतड्याचे आवाज ऐकावेत. पूर्ण शांतता हे वाईट लक्षण आहे.

पशुवैद्यक येईपर्यंत चारा-दाणा काढून घ्यावा आणि दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालवावे. दमलेल्या घोड्याला तासन्‌तास ओढत फिरवण्याने लाभ नाही. शांत पडून राहिला तर पडू द्यावे. तेल, सोडा, काढा किंवा दारू नळीने घशात ओतण्याची पद्धत सोडून द्यावी. वांती होत नसल्याने जठर आधीच भरलेले असू शकते, आणि ओतलेले तेल फुप्फुसात गेल्यास न्यूमोनिया होतो. तेल घालायचे असल्यास पशुवैद्यक नाकातून जठरात नळी घालून, आधी साठलेला द्रव काढून मगच घालतो.

माणसांच्या दुकानातून वेदनाशामक आणून टोचणे हाही घातक मार्ग आहे. त्याने कळ दबते, पण फास तसाच राहतो आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते. डायक्लोफेनॅकवर तर जनावरांसाठी २००६ पासून बंदी आहे. ते औषध अंगात असलेले मृत जनावर खाणारी गिधाडे मरतात. दूरध्वनीवर १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक आहे. १९५५ मध्ये स्थापन झालेले महू येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय याच जिल्ह्यात आहे. शूळ उठलेल्या घोड्याला रात्री कोठे व कोणत्या वाहनातून न्यायचे, हे आधीच ठरवून ठेवावे.

नोंदवही आणि अखेरचा निर्णय

वारंवार होणाऱ्या शूळात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी साधन म्हणजे एक साधी वही. शूळाची तारीख व वेळ, त्याआधीच्या दोन दिवसांचा दाणा, पाणी, काम, हवामान, लिदीचे स्वरूप, नाडी आणि दिलेले औषध यांची नोंद ठेवली, की चार-पाच वेळांनंतर एक सूत्र दिसू लागते. प्रत्येक वेळ दाण्यानंतरची असेल तर जठरातील व्रणाचा संशय येतो. प्रत्येक वेळ थंडीच्या पहाटेची असेल तर पाण्याचा प्रश्न असतो. कारण नसताना शूळ अधिक तीव्र व अधिक लवकर येऊ लागला, तर गाठीसारखा बिघाड शोधण्यासाठी गुदमार्गाने तपासणी व सोनोग्राफी करून घ्यावी.

या वहीचा आणखी एक उपयोग आहे. आतड्याची शस्त्रक्रिया खर्चाची, जोखमीची आणि वृद्ध घोड्याच्या बाबतीत बहुतेक मालकांच्या आवाक्याबाहेरची असते. म्हणून ती करायची की नाही, घोडीला वरातीतून कधी निवृत्त करायचे आणि यातना असह्य झाल्यास कोठे थांबायचे, हे निर्णय शांतपणी, पशुवैद्यकासह, कुटुंबाने एकत्र बसून घ्यावेत. असाध्य यातनेतील जनावराला वेदनारहित मरण देण्याची तरतूद १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आहे. मध्यरात्री, घोडी लोळत असताना, हा विचार प्रथमच करावा लागू नये. वीस वर्षे ज्या जिवाने घर चालवले, त्याच्या शेवटच्या काळातील आहार, पाणी आणि वेदना यांचा हिशेब नीट ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे.