मांडणी, बांधणी, वाट : प्रस्तावना

‘साउंडबारवर 5.1 लिहिले आहे, टीव्हीवर डॉल्बीचे चिन्हही येते, मग मागून आवाज का येत नाही?’ नोएडातल्या ओळखीच्या मराठी घरांतून हा प्रश्न मला इतक्यांदा आला आहे की पुस्तकाची सुरुवात तिथूनच करतो. सेक्टर 32 मध्ये 2016 साली पंधरा पडद्यांचे चित्रपटगृह उघडले. तिथे डोक्यावरून पाऊस ऐकून आलेल्या माणसाला घरचा पाऊस फक्त समोर पडताना ऐकू आला, तर त्याने विचारायलाच हवे.

एका प्रश्नात खरे तर तीन प्रश्न आहेत. आवाज किती ठिकाणांहून ऐकू यावा, ही मांडणी. तो आकड्यांत कसा आवळून ठेवला आहे, ही बांधणी. आणि तो यंत्रापर्यंत कशातून पोहोचतो, ही वाट. 5.1 ही मांडणी आहे, डॉल्बी डिजिटल ही बांधणी आणि एचडीएमआयची केबल ही वाट. एवढे मनात पक्के झाले की या विषयाची निम्मी भीती जाते.

मांडणी डिजिटलपेक्षा जुनी आहे. ‘अयोध्येचा राजा’ 1932 मध्ये एकाच वाहिनीतून बोलला. 1975 चा ‘शोले’ 70 मिमीवर स्टिरिओफोनिक आवाजासह आला. 5.1 मध्ये पुढे डावा, मधला आणि उजवा स्पीकर, बाजूंनी दोन, आणि सुमारे 120 हर्ट्झपर्यंतच्या खोल घुमणाऱ्या आवाजासाठी एक वाहिनी असते. ही शेवटची वाहिनी श्राव्य पट्ट्याचा छोटा तुकडाच वाहते, म्हणून ती पूर्ण एक न धरता ‘पॉइंट वन’. यातला मधला स्पीकर मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो नसेल तर कडेच्या खुर्चीवर बसलेल्याला नायकाचा संवाद जवळच्या भिंतीतून येतोय असे वाटते. पडद्यामागून त्याचा आवाज यावा म्हणून चित्रपटगृहाच्या पडद्याला बारीक भोके पाडलेली असतात.

बांधणीचे गणित करून पाहू. सेकंदाला 48,000 नमुने, प्रत्येक 16 बिटांचा, म्हणजे एका वाहिनीला 768 किलोबिट. पाच वाहिन्यांना 3,840. डीव्हीडीवरचे डॉल्बी डिजिटल हे काम जास्तीत जास्त 448 मध्ये करते. ढोल-ताशा सुरू असताना शेजारच्याची कुजबुज ऐकू येत नाही. मग ती तितक्याच निगुतीने साठवायची कशाला? कानाच्या या स्वभावावरच ही बांधणी उभी आहे.

‘बॅटमॅन रिटर्न्स’ने 1992 मध्ये ती चित्रपटगृहात आणली, 35 मिमी फितीच्या भोकांमधल्या चिमुकल्या जागेत छापून. पुढच्या वर्षी ‘जुरासिक पार्क’सोबत आलेल्या डीटीएसने आवाज वेगळ्या सीडीवर ठेवला आणि फितीवर फक्त वेळेची खूण छापली. दोघांच्या जागा वेगळ्या, म्हणून एकाच फितीवर दोन्ही नांदू शकत. डिजिटल खूण खराब झाली तर यंत्र जुन्या प्रकाशीय ट्रॅकवर जाई. इतकी देखणी तडजोड मी दुसऱ्या कुठल्या तंत्रात पाहिलेली नाही. आज फीत गेली आहे आणि डिजिटल चित्रपटगृहात 5.1 चा आवाज न आवळता येतो. आवळलेले डॉल्बी घरी राहिले.

त्यानंतरचे वळण डॉल्बी ॲटमॉसचे, 2012 चे. त्याच वर्षी ‘शिवाजी थ्रीडी’ने ते भारतीय चित्रपटात आणले. इथे मिक्सिंग करणारा पावसाचा थेंब एखाद्या ठरावीक स्पीकरला देत नाही. तो थेंब दालनात कुठे आहे एवढेच लिहून ठेवतो. 128 पर्यंत ट्रॅकचा हिशेब ठेवून प्रत्येक सभागृहातले यंत्र आपल्या स्पीकरांप्रमाणे तो थेंब पाडते.

वाटेविषयी इथे थोडक्यात. ऑप्टिकल केबलमधून एक तर साधे स्टिरिओ जाते, नाही तर आवळलेले 5.1. ब्लू-रेवरची ट्रूएचडी ही बांधणी त्यातून जात नाही, टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधून साउंडबारला देणाऱ्या साध्या एआरसी जोडणीतूनही नाही; तिला त्याच जोडणीची सुधारित आवृत्ती, ईएआरसी, लागते. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा याच केबलपाशी सापडते.

पहिल्या प्रकरणाला मात्र कसलेच यंत्र लागत नाही. खोलीच्या मधोमध डोळे मिटून, मान न हलवता बसा आणि घरातल्या कुणाला तरी भोवती फिरत चुटक्या वाजवायला सांगा. डावे-उजवे लगेच ओळखाल. बरोबर समोरची आणि बरोबर मागची चुटकी मात्र कधी कधी चुकेल. तिथून पुढे आपण बरोबर जाऊ.